बेबीआत्याने सांगितलेला शेवटचा भाग

बाबांचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळीला, ऑफिसात कॉफीचा कप धुवत होते. "बेबी गेली," ते म्हणाले. मागे कुठल्याशा एसटीचा हॉर्न वाजला, कुणीतरी कुणाला खुर्च्या आणायला सांगत होतं. त्यांचा आवाज येईना म्हणून मी फोन कानाशी आणखी दाबून धरला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तिची ती मालिका संपली का गं, का चालू आहे अजून?" मी म्हटलं, "चालू आहे. पुढच्या आठवड्यात संपेल." "बरं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. नळ तसाच वाहत होता. मी तो बंद केला आणि जागेवर जाऊन बसले. शेजारच्या मुलीने काहीतरी विचारलं, मी तिला उत्तरही दिलं. काय दिलं ते आठवत नाही.

बेबीआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मेडशीला एसटी थांब्यामागच्या गल्लीत, टिनाचं छप्पर असलेल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि आमची शेती बघायची. त्या दिवशी दुपारी जेवून ती चटईवर आडवी झाली ती उठलीच नाही. संध्याकाळी सातला समोरच्या नजमाभाभी नेहमीसारख्या मालिका बघायला आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं, आत अंधार होता. त्यांना वाटलं, लाईट गेली असेल. म्हणून त्या भिंतीशी आपल्या जागेवर बसल्या आणि म्हणाल्या, "बेबी, लाईट गई क्या?" हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. किती वेळ तशा बसल्या होत्या कोण जाणे... समोर आपल्याच घरातला बल्ब जळताना दिसला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

मी लहान होते तेव्हा त्या गल्लीत रोजची मालिका रोज बघणारी आत्या एकटीच होती. टीव्ही बऱ्याच घरांत होते, पण सात म्हणजे भाकरी टाकायची वेळ. बायांनी चुलीपुढून उठायचं कसं? आत्याला एकटीपुरतंच रांधायचं असायचं, ती लवकर उरकून मोकळी व्हायची. त्यामुळे तिच्याकडे एक काम आपोआप येऊन पडलं होतं. तण निंदायला बाया वावरात ओळीने बसल्या, प्रत्येकीने आपापल्या वाट्याची पात धरली, खुरपी चालू झाली, की आत्या कालचा भाग सांगायची. रविवारी बाबा मला वाशीमहून स्कूटरवरून शेतात न्यायचे. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोत्याची घडी करून गोष्टीचं पुस्तक उघडून बसायचे. पुस्तक इंग्रजी, आणि ओळीतून येणारा आवाज वऱ्हाडी... डोळे एकीकडे, कान दुसरीकडे. आभाळ भरलेलं, काळी माती ओली, सोयाबीन वीतभर वर आलेलं, आणि त्या हिरव्यावरून हळूहळू पुढे सरकणाऱ्या रंगीत पाठी. गोष्ट त्यांच्याबरोबर सरकायची. पात संपली की आत्या थांबायची, बाया पाणी प्यायच्या, दुसरी पात धरली की गोष्ट पुढे. कधी कधी पेंग यायची आणि मला वाटायचं, ही मालिका टीव्हीवर नसतेच, ती या वावरातच उगवते.

सांगण्याची तिची एक पद्धत होती. साड्या आणि दागिने ती दोन शब्दांत उरकायची. पण त्या घरात काल काय शिजलं होतं ते मात्र सांगायचीच, टीव्हीवर दाखवलेलं असो वा नसो. "त्या दिवशी त्यायच्या घरी आलूवांगं होतं," अशी तिची सुरुवात. कौशल्याकाकू, म्हणजे ओळीत नेहमी तिच्या बाजूला बसणारी तिची मैत्रीण, मध्येच म्हणायची, "तुले कसं समजलं वं? वास आला का टीव्हीतून?" आत्या शांतपणे म्हणायची, "त्या बुढ्याचा चेहरा पायला म्या. आलूवांगंच होतं."

त्या वर्षी सगळ्या बाया एकाच मालिकेत गुंतल्या होत्या. त्यातली सून सासर सोडून माहेरी येऊन राहिलेली, नवरा पस्तावलेला, आणि शेवटच्या भागात तो तिला न्यायला येणार होता. ती जाईल की नाही, यावर ओळीत रोज भांडण व्हायचं. नजमाभाभी तेव्हा शेतात कामाला यायच्या नाहीत, त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. पण दुपारी दुकान बंद करून त्या डबा घेऊन धुऱ्यावर हजर व्हायच्या, फक्त गोष्टीसाठी. त्या नवऱ्याच्या बाजूच्या होत्या. "इतना रोया बेचारा," त्या म्हणायच्या, "और कितना रोयेगा?" कौशल्याकाकू म्हणायची, "रडू दे. रडल्यानं कोनी मरत नाई."

आत्याही सासर सोडून आलेली होती. तिचं सासर मानोऱ्याकडचं. मला तेव्हा एवढंच माहीत होतं, बाकीचं पुढे आईकडून कळलं. नवऱ्याचा दोष कुणाला बोट ठेवून दाखवता येईल असा नव्हता. तो पीत नव्हता, मारत नव्हता. तो बोलत नव्हता. तिच्याशीच नव्हे, घरात कुणाशीच फारसं नाही, आणि बाकीच्यांना त्याची सवय होती. आत्या सकाळपासून बोलायची, आणि त्या घरात तिला कुणी साधं "हं" म्हणायचं नाही. एकदा ती मुद्दाम दिवसभर गप्प राहिली. ती गप्प आहे हे रात्रीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी ती पिशवी घेऊन मेडशीला आली. "मारत नाही, पीत नाही, मग त्रास काय आहे?" असं बाबा म्हणायचे. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि आत्याला ते सांगता येत नव्हतं.

शेवटचा भाग शनिवारी होता. आणि त्याच शनिवारी संध्याकाळी तिच्या सासरची माणसं वाशीमला आमच्या घरी बोलणं करायला आली. बाबांनी आत्याला सकाळीच मेडशीहून बोलावून घेतलं होतं. मी हॉलमध्ये टीव्हीसमोर बसले होते, मालिकेचं गाणं नुकतंच सुरू झालं होतं, तेवढ्यात गेट वाजलं. आई म्हणाली, "बंद कर तो, पाहुणे आले." मी रिमोटचं बटण दाबलं. आत्याने स्वयंपाकघराच्या दारातून एकदा काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि ती चहा ठेवायला आत गेली.

तिचा नवरा सोफ्याच्या टोकाला बसला होता. त्याचा मोठा भाऊच बोलत होता... झालं गेलं विसरा, घर तिचंच आहे, लोक विचारतात. नवरा फरशीकडे बघत होता. मधेच त्याने माझ्याकडे पाहिलं आणि थोडंसं हसल्यासारखं केलं. मला तो वाईट माणूस वाटला नाही, हे मला इथे लिहायला हवं. बाबांनी सगळ्यांसमोर आत्याला विचारलं, "बेबी, तुझं काय म्हणणं आहे?" रोज दिवसभर ओळीत बोलणारी आत्या हातात ट्रे घेऊन उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. त्या खोलीत तिला बोलताच आलं नसावं. बाबांना तो होकार वाटला. ते म्हणाले, "उद्याचा दिवस द्या. शेताचं काम लावून देते ती. सोमवारी मी स्वतः आणून सोडतो."

रविवारी आम्ही मेडशीला गेलो. स्कूटरवर आत्या मागे बसली होती, मी पुढे उभी.  वावरात बाया आधीच येऊन बसल्या होत्या. मेडशीत आदल्या संध्याकाळी पाऊस आला होता आणि लाईट गेली होती, त्यामुळे शेवटचा भाग गावात कुणीच पाहिला नव्हता. आत्याला पाहताच कौशल्याकाकू ओरडली, "आली वं, आली! तुहं बरं झालं, तू वाशीमले होती. आमची लाईट गेली ते सकाळलोक आली नाई. सांग आता, गेली का ती त्याच्यासंगं?"

मी आत्याकडे पाहिलं. टीव्ही बंद होता हे त्या वावरात तिला, बाबांना आणि मलाच माहीत होतं. आत्याने पदर खोचला, खुरपं घेतलं, पात धरली. "सांगतो," ती म्हणाली. "पह्यले बसा तं खरं."

तिने नेहमीसारखी स्वयंपाकापासून सुरुवात केली. संध्याकाळ होती, पोरीच्या माहेरी तुरीचं वरण शिजलं होतं, भाकरी झाल्या होत्या. दार वाजलं. तो आला होता.

"फूल लाया क्या?" धुऱ्यावरून नजमाभाभींनी विचारलं. त्या दिवशी त्या सकाळीच आल्या होत्या.

"आनले. पन्नीत गुंडाळून."

"देखा! बोली थी मैं."

"मंग तिनं त्याले पाणी देल्लं," आत्या म्हणाली. "हातपाय धुवाले लावले अन् जेवाले वाढलं."

"काहून वाढलं?" कौशल्याकाकू चिडली. "उपाशी धाडाचा होता मेल्याले!"

"दारात आला होता न वं. उपाशी कायले धाडन कोनी?"

बाबा माझ्यापासून थोड्या अंतरावर धुऱ्यावर उभे होते. ते मालिका बघत नसत आणि ओळीतल्या गप्पा ऐकतही नसत. हातात मोबाइल होता, पण ते त्यात बघत नव्हते.

"तो जेवाले बसला," आत्या सांगत होती. खुरपं चालूच होतं, मान खाली. "मंग ती त्याच्या सामने बसली. म्हणे, येतो मी तुमच्यासंगं. आत्ता येतो. फक्त एक सांगा. मी एवढे वर्स तुमच्या घरी होती. रोज बोलत होती. त्याच्यातलं माहं एक बोलनं सांगा. एकच. म्या कधी काय म्हटलं होतं, ते."

ओळीतली खुरपी एकेक करून थांबली. कुणी थांबा म्हटलं नव्हतं.

"मंग?" कौशल्याकाकूने हळूच विचारलं.

"मंग तो इचार करून राह्यला. भाकर खाल्ली. वरण खाल्लं. हात धुतले. इचारच करून राह्यला... नाई आठोलं त्याले."

"एक भी नई?" नजमाभाभींचा आवाज.

"एक बी नाई."

वाऱ्याने सोयाबीनची पानं उलटी होत होती आणि त्यांची फिकी बाजू वर येत होती. दूर रस्त्यावरून एक एसटी गेली. मला आठवतं, मला त्या वेळी तो सोफ्याच्या टोकाला बसलेला माणूस दिसत होता, त्याच्यासमोरचं ताट दिसत होतं, आणि ते खरंच कुठेतरी घडून गेलं आहे याची मला खात्री वाटत होती. मग बाबांचा आवाज आला. गावात आले की ते वऱ्हाडीत बोलायचे.

"अन् तिचा भाऊ? भाऊ काय म्हणे मंग?"

सगळ्या बायांनी माना वळवून धुऱ्याकडे पाहिलं. आत्याने पाहिलं नाही. तिने गवताचा एक जुडगा उपटला, मुळाची माती झटकली आणि बाजूला टाकला.

"त्याचं दाखोलं नाई, दादा."

"अवं पन शेवटचाच भाग होता न तो?" कौशल्याकाकू म्हणाली.

"होता. तेवढंच राह्यलं त्यायचं."

 बाबा विहिरीकडे चालत गेले आणि खूप वेळ परत आले नाहीत. नजमाभाभी कुरकुरत होत्या, त्या नवऱ्याला रिकाम्या हाताने पाठवलं हे त्यांना पटलं नव्हतं. बायांनी पुन्हा खुरपी चालू केली. संध्याकाळी परत निघताना आत्या स्कूटरवर बसली नाही, आणि बाबांनी तिला बस म्हटलंही नाही. फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि थोडं बाजूला जाऊन फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं, "नाही, नाही, राग वगैरे काही नाही... विचारलं मी तिला. हो. बोलली ती माझ्याशी."

त्या दिवाळीला बाबांनी मेडशीच्या दोन्ही खोल्यांना फरशी बसवली. त्याआधी तिथं शेणाने सारवलेली जमीन होती आणि फवारणीचे पंप, पोती ठेवलेली असायची. पंप आणि पोती शेतातल्या शेडमध्ये गेली. या सगळ्याबद्दल बाबा आणि आत्या एकमेकांशी कधी बोलले असतील असं मला वाटत नाही.

मालिकेचा खरा शेवट काही दिवसांनी गावात पोचला. नजमाभाभींची बहीण अकोल्याला राहायची, तिने पाहिला होता. ती सून हसत हसत नवऱ्याबरोबर गेली होती, वर फुलं उधळली होती. नजमाभाभी तरातरा आत्याकडे आल्या. "बेबी, तेरी जबान है के क्या है! वो तो गई उसके साथ! गाडी में बैठ के गई!" आत्या म्हणाली, "असन. मले तं तसंच दिसलं बापा." नजमाभाभींनी हे पुढे कितीतरी वर्षं पुरवलं. आत्याने काहीही सांगितलं, पाऊस येणार म्हटलं तरी त्या म्हणायच्या, "हमारी बेबी बोल रही ना? फिर तो अकोला को एक फोन लगा के पूछना पडेगा."

फरशी बसल्यावर बायांनी त्या घरात येऊन बसायला सुरुवात केली. हळूहळू त्यांच्या घरी सुना आल्या, गॅस आले, सातची वेळ मोकळी झाली. आत्याच्या घरात पुरुष नव्हता, म्हणून तिथं पाय लांब करून बसता यायचं, डोक्यावरचा पदर सोडता यायचा, टीव्हीतल्या माणसाला मोठ्याने शिवी देता यायची. मी सुट्टीत जायचे तेव्हा कोपऱ्यात बसायचे. मी फारशी बोलत नाही. तिथं कुणी मला बोल म्हणत नसे, ते मला आवडायचं.

आत्याशी मात्र मी बोलायचे, आणि आमचं बोलणं बहुतेक वेळा शेवटांबद्दल असायचं. मी होस्टेलवर लॅपटॉपवर परदेशी मालिका बघायचे. एका दिवाळीत आम्ही दोघी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा मी तिला अशी एक लांबलचक मालिका तोंडी सांगितली. रोज थोडी थोडी. शेवट सांगितल्यावर ती म्हणाली, "ते पोरगं घरी आलं न, तवाच संपली होती ते. बाकीचा टीव्हीवाल्यायचा धंदा." मी वाद घातला, कारण पुढे तो मुलगा म्हाताऱ्या आजीला आपल्याजवळ आणतो तो भाग मला आवडला होता. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "म्या इचार केला. तुहं बरोबर आहे. बुढी एकटी राह्यली असती." शेवटच्या आठवड्यात सगळे गुन्हेगार एकदम सापडतात त्याला ती हसायची. लग्न लावून संपवलेल्या मालिकांवर तिचा विश्वास नव्हता. "लगन झालं म्हणजे आता सुरू झालं न वं," ती म्हणायची. शेवटच्या भागात नवं माणूस आणलेलं तिला चालायचं नाही: "ज्यायनं एवढे दिवस खस्ता खाल्ल्या त्यायच्यातूनच निंघालं पाह्यजे." पण मालिका संपताना सगळे नट ओळीत उभे राहून प्रेक्षकांना हात जोडतात ना, जे मला फार कृत्रिम वाटतं, तेव्हा ती उठून उभी राहायची आणि टीव्हीला हात जोडायची. मी एकदा हसले. ती म्हणाली, "रोज घरात येत होते. जाऊन राह्यले तं आपन बसून राहाव का?"

आमचा एकच वाद कधी मिटला नाही. मला अर्धवट सोडलेले शेवट आवडतात. दार उघडं राहतं आणि पडदा काळा होतो, असे. तिला ते मुळीच आवडायचे नाहीत. "तुले आवडते, कारन तुले अजून काई संपवा नाई लागलं," ती एकदा म्हणाली. मी जरा दुखावले आणि म्हटलं, "तू तरी कुठं संपवलंस?" ती सासरी परत गेली नव्हती, पण कागदोपत्री काही झालं नव्हतं, आणि ती कुंकू लावायची. माझ्या तोंडून ते निघून गेलं होतं. आत्या सोललेल्या शेंगांची टरफलं हाताने गोळा करत राहिली. मग हसून म्हणाली, "म्या माह्या वाटनीचा भाग सांगतला बाई. त्यायचा त्यायनं सांगाव."

या दिवाळीत आमची शेवटची भेट झाली. संध्याकाळ होती. टीव्हीवर तिच्या मालिकेखाली पट्टी यायला लागली होती, 'अखेरचे काही भाग'. नजमाभाभी आणि कौशल्याकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कशी संपेल म्हणून विचारलं. "आता घाई करतीन पाय," आत्या म्हणाली. "साऱ्यायले एका हॉलात आनतीन, लाइटिंग करतीन. तुले सांगतो, शेवट चांगला असला न, तं आपल्याले वाटलं पाह्यजे का आपनच उठून आलो त्यायच्या घरून. ते अजून बसले आहेत, भांडून राह्यले, जेवून राह्यले. आपल्याले उशीर झाला म्हनून आपन निंघालो." मग जाहिराती संपल्या, आणि तिने हाताने मला गप्प बसवलं.

आमच्याकडे तेरवीपर्यंत टीव्ही लावत नाहीत. मालिकेचा शेवटचा भाग त्याच दिवसांत आला. वाशीमच्या घरात पाहुणे होते, हॉलमध्ये सतरंजी टाकलेली होती, टीव्हीवर कुणीतरी चादर टाकली होती. मी मागच्या खोलीत जाऊन मोबाइलवर कानात इयरफोन घालून तो भाग पाहिला. सगळे एका हॉलात आले होते. लाइटिंग केलं होतं. मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. मी फोन हातात घेतला आणि तिच्या नावापर्यंत गेले, आणि मग मला कळलं. मान वर केली तर बाबा दारात उभे होते. "संपली?" "संपली." "कशी होती?" "ठीक होती," मी म्हटलं. ते मान हलवून निघून गेले.

तेरवीनंतरच्या सोमवारी बाबा मला घेऊन मेडशीला गेले. खतं-बियाण्यांच्या एका दुकानदाराला गोदामासाठी जागा हवी होती, त्याने खोल्या मागितल्या होत्या. नुसत्या पडून राहण्यापेक्षा बरं, असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं. बाबांनी त्याला नाही म्हटलं नव्हतं. त्यांच्या हातातल्या पिशवीत नवं कुलूप होतं. निघायला उशीर झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुलली होती, आणि संध्याकाळ होताच तिच्यावर धुकं उतरायला लागलं... पिवळं आणि करडं एकमेकांत मिसळून गेलं होतं, आणि त्यातून जाताना आपण पुढे जातो आहोत की मागे, हेच कळत नव्हतं.

गल्लीत पोचलो तर खोलीचं दार उघडं होतं आणि आत उजेड होता. एक क्षण... एक क्षणच. मग बायांचे आवाज आले. नजमाभाभींकडे किल्ली होती, आत्यानेच कधीतरी दिलेली. फरशीवर सगळ्या बसल्या होत्या, पाय लांब करून. टीव्ही लागला होता. आम्हाला पाहून त्यांनी पाय जवळ घेतले, पण कुणी उठलं नाही.

"बसा दादा," कौशल्याकाकू म्हणाली. "आजच सुरू झाली ही. काई समजून नाई राह्यलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमी तं जुनीचा शेवट पायलाच नाई. बेबीच्या घरी तेरवीलोक टीव्ही कसा लावाव? तू पायला असन तं सांगू नको वं माय. तिनं सांगतला असता तं गोष्ट अलग होती."

मी मान हलवली आणि कोपऱ्यात बसले. बाबा आत आले नाहीत. उंबऱ्यावर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. टीव्हीत एक मुलगी सामान घेऊन कुठल्यातरी मोठ्या घराच्या पायऱ्या चढत होती. जाहिरात लागली तेव्हा नजमाभाभींनी टीव्हीचा आवाज बारीक केला. त्यांच्या सगळ्यांच्या मनात जे होतं ते त्यांनीच विचारलं. "भाईसाब, खोली देल्ली क्या उस दुकानवाले को?"

बाबा पिशवीतल्या कुलपाशी चाळा करत होते. बाया त्यांच्याकडे बघत होत्या.

"हे मालिका रोज रायते का?" त्यांनी विचारलं.

"सोमवार ते शनवार," कौशल्याकाकू म्हणाली. "सातले."

"मंग खताचे पोते कुठी ठेवन तो," बाबा म्हणाले. त्यांनी पिशवीतून कुलूप काढलं, त्याच्या तारेतल्या दोन किल्ल्यांपैकी एक सोडवून नजमाभाभींच्या हातात दिली आणि म्हणाले, "जुनं कुलूप गंजलं हाये. उद्यापासून हे लावजा."

आम्ही चहा न घेताच निघालो. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मागे त्या खिडकीतला निळसर उजेड धुक्यात कमी-जास्त होताना दिसत होता. आत मालिका पुन्हा सुरू झाली होती आणि ती मुलगी कुणाची कोण यावर भांडण जुंपलं होतं. कौशल्याकाकू म्हणत होती, सून आहे. दुसरी कुणी म्हणत होती, मोलकरीण. बाबांनी गाडीची किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग त्या सगळ्यांच्या वर नजमाभाभींचा आवाज आला, "अगे चुप बैठो वो! पहलाच भाग है. कौन किसका है, इतना तो समजने दो."